हातमोज्यांची चोरी, व्हॉल्व्हचा विसर

सर, आज गेटवर जे घडलं ते ऐकून खडू घेऊन फळ्याकडे धावेल असा तुमच्याशिवाय दुसरा माणूस मला माहीत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्याने माझं काही अडत नाही.

मी तारापूरच्या एका कारखान्यात कामगार अधिकारी आहे. सुटताना आमच्याकडे झडती होते, पण टेम्पोने पाड्यांवर परतणाऱ्या बायकांचीच. स्कूटरवाल्यांना वॉचमन सलाम ठोकतो. गेल्या आठवड्यात पॅकिंगमधल्या एका बाईच्या पिशवीत कंपनीचे जुने रबरी हातमोजे सापडले. रजिस्टरात ‘चोरी’ लिहिलं गेलं, गेटपास काढून घेतला, कामावरून काढायचंही ठरलं. ती मला म्हणाली, “मॅडम, टाकलेलेच हायत. गवत कापताना हात सोलतात. आता पोरी इचारतात, आई चोर हाय का?”

त्या प्रश्नाने मला थेट पालघरच्या कॉलेजात, तुमच्या समाजशास्त्राच्या तासाला नेऊन बसवलं. मी ताठ मानेने सांगतेय की गरीब वस्तीत गुन्हे जास्त होतात. तुम्ही खडू खाली ठेवता. “होतात की सापडतात? शोधणारा कुठे उभा आहे ते आधी बघा, बाई.” वर्ग हसतो, मला तुमचा राग येतो. तुम्ही मात्र शांतपणे पुढे सांगत राहता की कृत्य तेच असतं, त्याला गुन्हा हे नाव कोण देतं आणि ते कोणाला चिकटतं, ते तपासायचं.

मग मी गेटवर गोट्यांची पिशवी ठेवली. सुटताना प्रत्येकाने न बघता एक काढायची, लाल निघेल त्याची झडती. वॉचमन दचकला, “मॅडम, साहब लोग का भी?” म्हटलं, माझीसुद्धा. आज लाल गोटी स्टोअरच्या प्रमुखांना निघाली आणि त्यांच्या डिकीतून कोरे पितळी व्हॉल्व्ह निघाले. घरच्या टाकीला बसवून बघणार होतो, असं ते हसत म्हणाले. मॅनेजर लगेच म्हणाले, “विसरून राहिले असतील हो.”

सर, तुमचं अख्खं प्रकरण माझ्यासमोर डिकीत पडलं होतं! मी रजिस्टर पुढे सरकवलं. दोघांसाठी शब्द एकच, कोणता ते तुम्ही ठरवा, म्हटलं. ‘चोरी’ लिहावं तर स्वतःचा माणूस जातो, हे मॅनेजरांच्या लक्षात आलं. त्यांनी दोन्हीकडे ‘परवानगीशिवाय नेलेली वस्तू’ लिहिलं आणि दोघांना समज दिली. व्हॉल्व्हवाला स्वस्तात सुटला, हे मला कळतं. टेम्पोतल्या बायका आता स्टोअरच्या सगळ्यांनाच चोर म्हणायला लागल्या, तेव्हा मी त्यांनाही दटावलं.

एक कबूल करते. परीक्षेत हा सिद्धांत मी नुसता पाठ करून लिहिला होता, आणि तुम्ही भरभरून गुण दिले होते. हे पत्र खणातच राहील.

आज संध्याकाळी गेटवर त्या बाईच्या हाती दिलं: तिचा गेटपास, आणि ‘चोरी’ची नोंद रद्द केल्याचा सही-शिक्क्याचा कागद, पोरींना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत.