रिकाम्या तलावातलं भरीत

जळगाव, रविवार. पौषातली थंडी.

शालीला अजून धुराचा वास येतोय. येऊ दे.

भाच्याबरोबर वॉटर पार्कमध्ये पैसे घातले तेव्हा मीच म्हणाले होते, जळगावचं ऊन कधी दगा देत नाही. आणि यंदा ऐन मे महिन्यात अवकाळी पावसाने ठाण मांडलं. तलाव भरलेला, पण पोहायला कुणी नाही. थोरले भाऊ, आबा, म्हणाले, "तुना तलाव तूच सांभाळ." भाचा विकायला निघाला होता. मी अडवलं. उन्हाने नाही तर थंडीने कमवू, हिवाळ्यात इथेच भरीत पार्ट्या करू. हट्ट होता की अक्कल? आज तरी अक्कल म्हणते.

आज पहिलीच पार्टी, आणि वारा असा की कपाशीच्या काड्या पेटेनात. पाहुणे वाटेत, भाचा रडवेला. मला कसं सुचलं कोण जाणे. म्हटलं, रिकाम्या तलावात माती पसरा आणि तिथे पेटवा. भिंतींच्या आडोशाला काड्यांनी लगेच पेट घेतला. वांगी तिथेच भाजली, लाकडी बडगीत ठेचली. लोक तलावाच्या पायऱ्यांवर बसून कळण्याच्या भाकरीबरोबर पोटभर जेवले.

आणि आबा. न बोलावता आले, दोनदा भरीत मागून घेतलं. हात धुताना एका पाहुण्याला सांगत होते, "हाई बठ्ठं आमनंच शे."

म्हणजे हे सगळं आता 'आमचंच'! मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

शाल मात्र इतक्यात धुणार नाही.