माहीमलाच तास संपला

माझगाव, ३ मार्च १९५८

प्रिय व्हिक्टर,

रविवार, १२ जानेवारी, दुपारी साडेतीन. उत्तनच्या दफनभूमीत, पेटीचं झाकण लावण्याआधी, तू आपल्या जेनच्या बोटातली अंगठी काढून कोटाच्या खिशात टाकलीस. तुला वाटलं, म्हातारीचे डोळे अधू झालेत. दिसलं मला. हे इंग्रजीत लिहिलं असतं, तर तू 'सॉरी' लिहून मोकळा झाला असतास; म्हणून आईच्या भाषेत लिहिते आहे.

आपली धाकटी बहीण दहा वर्षं बहाई होती. तू फादरना सांगितलंस, ती शेवटपर्यंत चर्चचीच होती. अंगठीवरची अरबी अक्षरं त्यांना दिसली असती तर पंचाईत झाली असती, नाही का? तो दागिना नव्हता रे. त्यांच्यात मृताच्या बोटात तशी अंगठी घालतात. देवाकडून आले, देवाकडेच चालले, अशा अर्थाचं त्यावर कोरलेलं असतं. आणि जिथे मरण येतं तिथून तासाभराच्या वाटेपलीकडे देह न्यायचा नाही, हा त्यांचा नियम. तिच्या लोकांनी शिवडीला जागा तयार ठेवली होती. पण तुला घराण्याची दफनभूमी हवी, म्हणून लॉरी मागवलीस. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चामुळे माहीमलाच तास संपला. त्या पोरांनी पेटी पाहून घोषणा थांबवल्या, हात जोडून वाट दिली. तू त्यांना गुंड म्हणालास.

जेन अंथरुणाला खिळल्यावर मी तिची पुस्तकं वाचली, ती तिच्याशी भांडायला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला तेवढं एक नीट शिकवलं होतं. बहाउल्ला, त्यांच्या धर्माचा संस्थापक, हा तेहरानच्या वजिराच्या घरातला, सुखात वाढलेला माणूस. त्याच्याआधी ज्या तरुणाने नव्या प्रेषिताची वर्दी दिली, त्याला तबरीझला गोळ्या घातल्या. त्याची बाजू घेणाऱ्या बहाउल्लाला जमिनीखालच्या काळोखात, गळ्यात साखळी घालून डांबलं. तिथेच त्याला देवाची हाक आली. मग बगदादला हद्दपारी. तिथून पुढे हाकलण्याचा हुकूम आला, तेव्हा गुलाबांच्या बागेत बसून त्याने जवळच्यांना सांगितलं, तुम्ही वाट पाहत होता तो मीच. शेवटी समुद्राकाठच्या अक्का शहरातला तुरुंग. वाटेत त्याच्या सावत्र भावानेच त्याला विष घातलं, हात जन्मभर थरथरत राहिला. हे वाचून दाखवताना मी थांबले, तर जेन हसून म्हणाली, बेट्टी, निदान आपला व्हिक्टर स्वयंपाकघरात येत नाही. शेवटच्या महिन्यातही तिची जीभ माझ्यासारखीच होती. वादात मी हरले, व्हिक्टर. आयुष्यात पहिल्यांदा, आणि वाईट वाटलं नाही.

गेल्या महिन्यात मी रीतसर बहाई झाले. डॉक्टर म्हणतात, गाठ पोटात पसरली आहे. पावसाळा बघेन असं ते म्हणत नाहीत. मी गेल्यावर देह ताब्यात घेणारा सख्खा तूच उरतोस, आणि लॉरीवाल्याचा पत्ताही तुझ्याकडे आहे. जेनला मी शिवडीला नेऊ शकले नाही. पण तिची अंगठी माझ्या बोटात जाईल. ती परत पाठव, आणि सोबत तुझ्या हाताने लिही की मला माझगावहून शिवडीपलीकडे नेणार नाहीस, आणि माझ्या बोटाला हात लावणार नाहीस. तोंडी शब्द चालणार नाही. तो तू फादरनाही दिला होतास. एकवीस मार्चला आमचं नवं वर्ष. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात हवं.

बहीण बदलता येत नाही म्हणून तुझीच,
बेट्टी