पावसाच्या पेटीचा पोर्ट

१२ नोव्हें.
चेन्नईहून सकाळी तंजावूर. आप्पा मोट्टमाडीच्या, गच्चीच्या, जिन्यावरून पडले, खुब्याचं ऑपरेशन होऊन घरीही आले, आणि मला काल कळवतात! "तू कामात असतोस," आई म्हणाली. पंचाहत्तरीत ओल्या गच्चीवर काय काम होतं? "पाऊस मोजायला गेले." अहो, पण त्यासाठीच तर मी पाऊस मोजून लॅपटॉपला कळवणारी पेटी करून दिली होती!

१३ नोव्हें.
आप्पांचा लॅपटॉप उघडला. गच्चीवरची पेटी ठीक, वायर ठीक. पेटीचे आकडे वाचणारी माझी स्क्रिप्ट मात्र आयुधपूजेपासून एकच रडगाणं गातेय: कॉम-३ सापडत नाही. आई म्हणते, "पूजेला सगळं काढून पुसलं रे, गंध-कुंकू लावलं, परत जोडून ठेवलं." जोडलं लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात. पोर्टचा नंबर झाला ५. मी गाढवासारखा स्क्रिप्टमध्ये ३ ठोकून बसलेलो. पोर्ट शोधायला चार ओळी लागतात. चार! नंतर करू म्हणून सोडल्या.

तेव्हा आप्पांचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये. "हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना!" म्हणून ठेवून दिला. नंतर विचारलंसुद्धा नाही.

१४ नोव्हें.
आप्पांची वही सापडली. मराठीच, पण तमिळ अक्षरांत. फोन केला त्या दिवशी लिहिलंय: "पेटी बंद. पोरगा कामात आहे. उद्यापासून वर जाऊन." पुढे रोज सकाळी साडेआठचा पावसाचा आकडा, पडले त्या दिवसापर्यंत. न्हाणीत जाऊन रडलो.

१६ नोव्हें.
नवी स्क्रिप्ट. दिसेल तो पोर्ट उघडायचा, "कोण?" विचारायचं, पेटीने नाव सांगितलं की तोच धरायचा. दुपारपर्यंत उत्तर येईना, डोकं पिकलं. मग कळलं, पोर्ट उघडला की पेटी नव्याने सुरू होते, दोनेक सेकंद बोलतच नाही. मी लगेच पुढच्या पोर्टवर जात होतो. आता थांबतो.
आईला म्हटलं, हव्या त्या भोकात लाव. सापडली!
लॅपटॉप पलंगापाशी नेऊन आप्पांना दाखवलं. "सेरि," म्हणाले. म्हणजे बरं, एवढंच. माझं चुकलं, हे म्हणायचं होतं. तोंडातच राहिलं.

१८ नोव्हें.
पडद्यावर २२ मि.मी. आप्पा म्हणाले, "वर जाऊन बघून ये." गेलो. जिना शेवाळलेला, भिंत धरून चढलो. आप्पांच्या जुन्या मापाच्या काचेत २१. त्यांनी वहीत २१ लिहिलं.

बॅग भरताना आई म्हणाली, "तुला फोन करायचा तर आधी मला विचारतात, आता तो कामात असेल का गं?"

लगेच त्यांच्यापाशी जाऊन बसलो. "आप्पा, चुकलं माझं. कधीही फोन करा, मीटिंग असली तरी." त्यांनी वही उशीखाली सरकवली, माझ्याकडे बघत राहिले. मी थांबलो. आई कॉफी ठेवून गेली, ती निवली.
अजून काही बोलले नाहीत. गाडी उद्या सकाळी सहाची.