मुलगा परत येण्याआधी माझे पान उचलावे

प्रति,
मेहेरबान अधिकारीसाहेब,
धर्मखाते, दरबार धार.

अर्जदार : नीलकंठ चिंतामण टिल्लू, निवृत्त दारोगा, नाव-घाट, धरमपुरी.

विषय : समुद्रगमनाचा दोष अर्जदारासही लागू करून त्यास तातडीने पंक्तीबाहेर काढण्याविषयी.

संदर्भ : येथील ज्ञातिमंडळींनी ज्ञातीचे प्रमुख तात्यासाहेब यांच्या ओसरीवर अर्जदारास दिलेला तोंडी नकार.

महोदय,

१. अर्जदाराचा एकुलता मुलगा चिरंजीव शरच्चंद्र हा पूल बांधण्याची विद्या शिकण्यास विलायतेस गेला होता. परीक्षा देऊन तो येत्या श्रावणात जहाजाने परत येत आहे. येथील मंडळींनी ठरविले आहे की, त्याने प्रायश्चित्त घेतले तरी त्यास पंक्तीत पान मिळणार नाही, आणि बापाने त्याच्या शेजारी बसून जेवल्यास बापाचेही पान उचलले जाईल. हा निर्णय ऐकून अर्जदारास वाईट वाटले नाही. उलट मनात म्हटले, चला, बापलेक एकत्र जेवू, वाढायला कोणी नसले तरी वाढून घेऊ.

२. पण मुलगा हट्टी. कोणावर गेला हे साहेबांनी विचारू नये. त्याने लिहिले की, "अण्णा, मी मुंबईस उतरून तेथेच नोकरी धरतो, धरमपुरीस येत नाही. आई गेली. आता चार माणसांत तुमचे पान मांडले जाते, तेवढे तरी माझ्यापायी जाऊ नये." मी उलट टपाली लिहिले की पान गेले खड्ड्यात, तू घरी ये. तो ऐकत नाही. तेव्हा अर्जदाराने असा विचार केला की, माझे पान आधीच उचलले गेले असेल तर याला न येण्याचे कारणच उरत नाही. म्हणून मी स्वतः तात्यासाहेबांकडे जाऊन, मला आजच वाळीत टाका, अशी विनंती केली. मंडळी हसली, साहेब. तात्यासाहेब म्हणाले, गुन्ह्यावाचून शिक्षा देण्याचा आमचा शिरस्ता नाही. लोक वाळीत पडू नये म्हणून पाया पडतात, आणि मला पाया पडूनही कोणी टाकीना! सबब हा अर्ज.

३. गुन्हा नाही हे म्हणणे अर्जदारास मान्य नाही. अर्जदाराने उभा जन्म नर्मदेच्या पाण्यावर काढला आहे. या काठाहून निमाडच्या काठाला आणि परत, बैलगाड्या, वऱ्हाडे, सरकारी डाक, सारे पार केले. पुरात अडकलो तेव्हा नावेतच चूल मांडून केवटांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, शेजारी भात खाल्ला आहे. माझ्या साऱ्या फेऱ्यांचे पाणी एकापुढे एक अंथरले तर विलायत गाठून उरेल, असा शरदनेच हिशोब काढला आहे, आणि तो गणितात कधी चुकत नाही. तात्यासाहेब म्हणाले, नर्मदा माता आहे, समुद्राची गोष्ट वेगळी. मी म्हटले, ही माता भडोचच्या पुढे रोज समुद्रात जाते, तिला प्रायश्चित्त कोण देतो? ते म्हणाले, ती परत येऊन पंक्तीला बसत नाही. हा टोला नेमका होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मग मी मिठाचा मुद्दा काढला की समुद्राचे मीठ सगळेच खातात. तर म्हणे माळव्यातले मीठ सांभरच्या सरोवराचे. या लोकांना प्रत्येक गोष्टीला पळवाट सापडते, फक्त माझ्या मुलाला सापडत नाही.

४. जहाज म्हणजे काय हे मंडळींस ठाऊक नाही. मलाही नव्हते. लोखंड तरंगते कसे, या काळजीने मुलगा गेला तेव्हा मी अन्न सोडले होते. त्याने समजाविले की, तांब्याचे तपेले घंगाळात तरंगते ना, तसेच. पोटातली पोकळी जितके पाणी बाजूस सारते, तेवढे पाणी त्याला उचलून धरते. आमचे केवट तळाला बांबू टेकून नाव लोटतात. समुद्राचा तळ कोणाला लागणार? म्हणून जहाजाच्या मागे पाण्याखाली एक मोठा पंखा असतो, तो कोळशाच्या वाफेवर फिरतो, पाण्यालाच मागे रेटतो आणि जहाज पुढे जाते. काठ दिसत नाही तेव्हा होकायंत्राची सुई आणि तारे पाहून चालवितात. डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा असतो, समोरासमोर आले की दोघेही आपापल्या उजवीकडे वळतात. मी आमच्या घाटावर असे कंदील लावावे म्हणून सुचविले, तर केवट थोरल्या भावाला म्हणावे तसे म्हणाले, भिया, इथे समोरून येतो तो आपलाच मामा, हाक मारली की झाले. तळाशी ओझे असल्याने जहाज कलले तरी सावरते. पोटात लोखंडी भिंतींचे कप्पे असतात, एका कप्प्यात पाणी शिरले तर दुसरे कोरडे राहतात. प्रवाशांस बुचाच्या लाकडाचे पट्टे बांधून होड्यांपाशी उभे राहण्याची कवाइत करवितात. एवढा बंदोबस्त माझ्या घाटावर कधी नव्हता, आणि नर्मदेने माझ्या देखत माणसे नेली आहेत. तेव्हा धोक्याचे म्हणाल तर नदी ओलांडणाऱ्यांना आधी वाळीत टाकायला हवे.

५. तरीही बुडतात, हे खरे. गेल्या चैत्रात बर्फाच्या डोंगराला आपटून मोठी बोट बुडाली व पुरेशा होड्या नसल्याने शेकडो माणसे गेली, ती बातमी उशिरा येथे पोहोचली. तिचे काय झाले ते साहेबांस सांगतो. येथील लोकांचा समज असा की विलायतेची बोट म्हणजे एकच बोट, घाटावर जशी एक मोठी नाव असते तशी. शेजारच्या राजाबाई डोळ्यांस पदर लावून आल्या. पाठोपाठ सारी मंडळी आली. तात्यासाहेब स्वतः माझ्या पाठीवर हात ठेवून बसले. कोणी पिठले-भात आणला, कोणी ओटीवर सतरंजी घातली, बायका आत जाऊन चूल पाहू लागल्या. मुलगा लंडनास खोलीत अभ्यास करीत आहे, ती बोट पार अमेरिकेच्या वाटेवरची, हे मी सांगत होतो, पण दुःखाने माझे डोके फिरले असे समजून कोणी ऐकले नाही. आणि साहेब, मीही पुढे पुढे सांगणे सोडले. माझी पत्नी उमाबाई गेल्यापासून घरात इतकी माणसे आली नव्हती. मला बरे वाटले, हे लिहिताना लाज वाटते. दुसऱ्या दिवशी शरदची खुशालीची तार आली, आणि मंडळी चटई गुंडाळावी तशी उठून गेली. बुडालेल्या मुलाचा बाप त्यांना चालत होता. जिवंत मुलगा आला की अडचण.

६. अर्जदारास वाळीत टाकल्याने माझी मुलगी सुमंगला, जी देवासला दिली आहे, तिचे माहेर तुटेल अशी भीती मला घालण्यात आली. सासरच्यांनी तिला इतक्या वर्षांत फक्त आईच्या तेराव्याला पाठविले. तेव्हा तुटण्यासारखे फार काही उरलेले नाही. तिचा निरोप आहे की, अण्णा, दादाला आणा.

७. पंक्तीत माझे पान मांडले जाते हे खरे. पण माझ्या शेजारी बसणारा दुसऱ्या बाजूच्याशी बोलतो. वाढपी माझ्यापाशी आला की पळतो. घरी येऊन मी भिंतीशी बोलतो, आणि ती तरी उत्तर देत नाही म्हणून चिडतो. या पानाची राखण करण्यासाठी माझ्या मुलाने मुंबईस खानावळीत जेवावे, हा न्याय मला पटत नाही. ज्याचे जळते त्याला कळते, साहेब.

८. तरी कृपा करून वरील कलम तीनमधील कबुलीवर अर्जदारास दोषी धरावे. तेवढी कबुली कमी पडत असल्यास आणखी कोणता गुन्हा करावा लागेल ते कळवावे, अर्जदार या वयातही करण्यास तयार आहे. फक्त निकाल लवकर व्हावा. शरदचे जहाज कोळसा भरण्यास एडनला थांबते, तेथे प्रवाशांस टपाल मिळते, आणि त्यापुढे थेट मुंबई. मी लिहिले तर तो विश्वास ठेवणार नाही. सरकारी मोहोर पाहिली की ठेवील. म्हणून हुकुमाची नक्कल दरबारातूनच एडनच्या पत्त्यावर रवाना व्हावी. मजकूर लांब नको. तुझ्या बापाचे पान उचलले आहे, आता त्याच्याबरोबर जेवायला कोणी नाही, घरी ये, एवढे पुरे.

निकालाची वाट पाहत बसलेला,
नीलकंठ चिंतामण टिल्लू
दस्तुर खुद्द

मुक्काम धरमपुरी, तारीख २० जून सन १९१२ इसवी