कापलेली जोडवी

आई,

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की माझेही केस कानाजवळून पांढरे झालेत, तरी तुझा राग आल्याशिवाय एक महिना जात नाही. लोक गेलेल्या आईविषयी गोड बोलतात. मला ते जमत नाही.

मी माहेरपणाला आले होते. तू माडांना पाणी सोडत होतीस. एरवी वाडीत लुगडं गुडघ्यापर्यंत खोचणारी तू, आणि त्या दिवशी ते घोट्याखाली लोळत होतं. मी वाकून वर ओढलं. पाय फुगून तुकतुकीत झालेले. अंगठ्यानं दाबलं तर खळगा तसाच राहिला. बोटांत जोडवी नव्हती. रुतायला लागली म्हणून कोणाला न सांगता सोनाराकडून कापून घेतली होतीस. "काय न्हाय गो, उभं राहून येते सूज," म्हणालीस. धाकट्याच्या बाळंतपणापासून सकाळी तुझा चेहरा सुजलेला असायचा, त्याची आम्हाला सवयच झाली होती. पण तू परसात गेलीस, बराच वेळ आली नाहीस, म्हणून मी बघायला आले. तू माडाला धरून उभी, ओठ दातांत धरलेला. लघवी होत नव्हती. "कधीपासून?" "व्हते थोडी थोडी. पानी कमी पिते, म्हंजे झालं." बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, बायकांची दुखणी बायकांनी बघावीत. आणि तू दाराआडून मान डोलावलीस! कोणाच्या बाजूनं होतीस ग तू?

मी ऐकलं नाही. गाडी जुंपायला लावून तुला रेवसला आणलं, आगबोटीत बसवलं. तुझं ओटीपोट दगडासारखं झालं होतं. माझा हात धरून बसली होतीस. मुंबईला बायकांच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी रबरी नळी घातली. भांडं भरलं, दुसरं आणावं लागलं. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू हसत होतीस. "अगो, किती हलकं वाटते." आणि झोपलीस. बाई मला म्हणाल्या, "यांची मूत्रपिंडं फार दिवसांची आजारी आहेत. पूर्ण बऱ्या होतील असं मी सांगत नाही. पण इथं राहिल्या, मीठ सोडलं, तर दिवस मिळतील." तू जागी झाल्यावर त्यांनी तुलाही तेच सांगितलं.

मग बाबा आले. भावाचं लग्न ठरलं होतं. दारातूनच म्हणाले, "वरमायेशिवाय मांडवात उभं कोण राहणार?" तुझ्या पायांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी भांडले. "बाबा, ती मरेल." तेव्हा तू बोललीस, आणि मलाच बोललीस: "गप बस. लगीनघरात असं तोंडातून काढू नको." उठलीस आणि वेणी घालायला सांगितलंस. मी घातली. रागानं पेड घट्ट आवळले.

लग्नात तू मोठ्या मापाची नवी जोडवी घातलीस. सुवासिनीची बोटं मोकळी दिसली तर सून काय म्हणेल! ती रुतून बोटं काळीनिळी पडली. त्या साली आपल्या किनाऱ्यावर लोक मिठापायी तुरुंगात जात होते आणि मी तुझ्या ताटातलं मीठ काढत होते. तू लोणच्याची फोड परत वाढून घेतलीस, का तर नव्या सुनेसमोर वेगळं ताट नको. बायका म्हणत होत्या, वरमाय बघा कशी वावरते. मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं.

सुनेची हळद उतरली नव्हती, तोवर तुझी लघवी पुन्हा बंद झाली. या वेळी तुला कोणी रेवसला नेलं नाही, आणि न्या म्हणून तू सांगितलंही नाहीस. मला निरोप मिळाला, मी पोचले, तेव्हा तुला नेऊन झालं होतं. बाबा ओटीवर म्हणाले, "कार्य पार पाडून गेली. भाग्याची." त्या घरात मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

तुला आराम कळला होता, आई. तो कसा असतो ते अंगानं कळलं होतं. तरी उठून गेलीस. हेच मला आजही गिळवत नाही.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, उद्या चुलीत घालीन. म्हणून एवढं लिहिते: तुला इस्पितळात ठेवून घ्यायचं होतं, ते केवळ तू जगावीस म्हणून नव्हतं. तिथं तुला कोणी हाक मारत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तू माझ्या एकटीची होतीस.