ते जीवनसत्त्व नव्हतं

माझी भिंगरी,

"बाबा, हे कसलं इंजेक्शन?" तू विचारलंस. "जीवनसत्त्वाचं," मी म्हणालो. तू विश्वासाने दंड पुढे केलास. धावत तू होतीस, पण पदकाने पछाडलं होतं मला.

तपासणीत उत्तेजक औषध सापडलं. चौकशी समितीला तू सांगितलंस, "मीच घेतलं. माझ्या प्रशिक्षकांना ठाऊक नव्हतं." मी, तुझा प्रशिक्षक, शेजारीच मूग गिळून बसलो होतो. बंदी तुझ्यावर आली. मी मैदानावर शिकवतच राहिलो.

काल एका मुलीचा बाप म्हणाला, "सर, काहीही द्या, पण हिला जिंकवा." मी तडक समितीकडे गेलो आणि सगळं लिहून दिलं.

हे पत्र मात्र पाठवत नाही. वाचलंस तर तू मला लगेच माफ करशील.

तुझा गुन्हेगार,
बाबा