आईचा अर्ज

बाबा, मागच्या महिन्यात तुमच्या शाळेच्या लायब्ररीला तुमचं नाव दिलं. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी इथे कॅनडात, रेजिनातल्या लोकांना तुम्ही आठवता. केक होता, कॉफी होती, स्कूल बोर्डाच्या ऑफिसमधून दोघंजण आले होते. तुमच्या हाताखाली शिकलेली आणि आता केस पिकलेली मुलं-मुली एकेक करून मला भेटायला येत होती आणि सांगत होती, "युअर डॅड वॉज टफ, बट ही वॉज फेअर." हा फेअर शब्द त्या दुपारी मी इतक्या वेळा ऐकला की हसून हसून माझा जबडा दुखायला लागला. भाषण मीच केलं. मी तुमची मुलगी, आणि आता मीही याच शहरात एका शाळेची प्रिन्सिपल, तेव्हा दुसरं कोण करणार? काय बोलले ते सांगतेच, पण आधी मला आईबद्दल बोलायचं आहे. त्या अख्ख्या दुपारी तिची आठवण कोणी काढली नाही.

तुम्ही प्रिन्सिपल झालात त्या वर्षी मी तुमच्याच शाळेत सातवीत होते. रोज सकाळी तुम्ही दारात उभे. उणे तीस असलं तरी दारात उभे, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, मिशांवर बर्फाचे कण, आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने गुड मॉर्निंग. जानेवारीत एकदा मला दोन मिनिटं उशीर झाला. मी मराठीत म्हणाले, "बाबा, बूट सापडत नव्हता." तुम्ही माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणालात, ऑफिसात जा आणि लेट बुकमध्ये नाव लिही. माझ्या मागून आलेल्या मुलांनी ते ऐकलं. त्या दिवशी जेवताना तुम्ही मला समजावलंत, "शाळेत मी तुझा बाबा नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाने नातं दाराबाहेर ठेवायचं असतं." मी रडले, पण आतून मला तुमचा अभिमानच वाटला. पुढे मी स्वतः खुर्चीवर बसले तेव्हा हे वाक्य कितीतरी मीटिंगमध्ये वापरलं, तुमचं म्हणून नाही, माझंच म्हणून.

आई नागपूरला आठ वर्षं हायस्कूलला सायन्स शिकवत होती. इथे आल्यावर तिची डिग्री अर्धीच धरली गेली. उरलेल्या अर्ध्यासाठी तिने तीन उन्हाळे युनिव्हर्सिटीत घालवले, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरापोरींबरोबर, डब्यात पोळी-भाजी घेऊन, एकटी एका बाकावर बसून. सर्टिफिकेट मिळालं आणि तिचं नाव सबस्टिट्यूट टीचरच्या यादीत गेलं. म्हणजे कोणी आजारी पडलं की फोन येणार. मला अजून ती सकाळ दिसते. सहा वाजलेत, फोन वाजलेला नाही, पण आई साडी नेसून नाही, पँट-स्वेटर घालून, केस बांधून, डबा भरून स्वयंपाकघरात तयार बसली आहे. साडेसात वाजेपर्यंत फोन आला नाही तर ती डब्यातली भाजी पुन्हा पातेल्यात काढते आणि कपडे बदलायला जाते. आला तर दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला. तुम्ही तोवर तुमच्या दारात जाऊन उभे राहिलेले असायचात.

मग त्या वसंतात तुमच्याच शाळेत सातवी-आठवीच्या सायन्सची जागा निघाली. कायमची. आईने अर्ज केला. तुम्हाला विचारून केला. तुम्ही म्हणालात, "कर ना, तुझा हक्क आहे." तीन आठवडे आपल्या स्वयंपाकघरात मुलाखतीची तालीम चालली होती. तुम्हाला ती कधी दिसली नाही, कारण तुम्ही यायच्या आत ती टेबल आवरायची. ती कणीक मळायची आणि मी समोर बसून कार्डावरचे प्रश्न विचारायचे. वर्गात एखादं मूल त्रास देत असेल तर काय कराल? मुलांना प्रयोग कसे करायला लावाल? ती फार सुंदर उत्तरं द्यायची. फुटक्या बरणीतून ज्वालामुखी कसा करायचा, खिडकीतल्या बर्फाच्या नक्षीवरून स्फटिक कसे शिकवायचे. आणि मी काय करत होते? मी तिचे उच्चार सुधारत होते. "आई, वेरी नाही गं, व्हेरी, वरचे दात खालच्या ओठावर टेकव." "आई, वेस्ट आणि व्हेस्ट वेगळे आहेत." ती पिठाचे हात तसेच ठेवून दात ओठावर टेकवायची आणि पुन्हा म्हणायची. न चिडता. दहा दहा वेळा.

मुलाखतीला तिला बोलावणं आलंच नाही. तुम्ही घरी येऊन कोट काढता काढता सांगितलंत, "बोर्डाचा नियम आहे. नवरा प्रिन्सिपल असेल तर बायकोला त्या शाळेत घेता येत नाही. माझे हात बांधलेले आहेत." आई म्हणाली, "मग अर्ज करायच्या आधी का नाही सांगितलंत?" तुम्ही म्हणालात, "मलाही आजच कळलं." ती जागा एका मुलीला मिळाली, नुकतीच पास झालेली, पहिलीच नोकरी. पुढच्या रविवारी तुम्ही आईसाठी शिलाई मशीन आणलंत. "घरी बसून तुझा वेळ जाईल," असं म्हणालात. आईने मशीनवर हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे."

त्यानंतर एक वर्षाने काहीतरी झालं. काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही, फक्त त्याचा परिणाम दिसला. आईने सबस्टिट्यूटच्या यादीतून नाव काढून घेतलं. आणि तुमच्यासमोर इंग्रजी बोलणं बंद केलं. अगदी बंद. तुमच्या स्टाफचा बार्बेक्यू आपल्या बॅकयार्डमध्ये असायचा, कोणी तिला विचारायचं, ही चटणी कशी केली? ती हसायची आणि माझ्याकडे बघून मराठीत सांगायची, मी भाषांतर करायचे. तुम्ही म्हणायचात, "शी इज शाय." लोक मान डोलवायचे. तुम्ही घरात नसताना ती शेजारणीशी, डॉक्टरांशी, माझ्या मैत्रिणींशी फडाफडा बोलायची. पण तुमची गाडी ड्राइव्हवेत शिरली की तिची इंग्रजी संपायची. सोळाव्या वर्षी मी एकदा तिच्यावर ओरडले, "मॉम, यू हॅव अ डिग्री! का असं अडाण्यासारखं करतेस? मला लाज वाटते." ती म्हणाली, "वाटू दे." एवढंच. मला वाटलं, हट्टी आहे, गर्विष्ठ आहे. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. का तुम्हाला कळत होतं, बाबा? हे मला आता कोण सांगणार?

लायब्ररीच्या कार्यक्रमाला आठ दिवस होते तेव्हा मला एक फोन आला. तुमच्या त्या वेळच्या व्हाइस प्रिन्सिपल. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, वृद्धांच्या एका होममध्ये राहतात. कार्यक्रमाची बातमी वाचून त्यांनी मला चहाला बोलावलं. मला वाटलं, तुमच्या आठवणी सांगतील, भाषणात घालता येतील, म्हणून मी वही घेऊन गेले. त्यांनी चहा ओतला, बिस्किटांची बशी पुढे केली आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचा अर्ज सगळ्यात वर होता."

मी म्हणाले, "पण बोर्डाचा नियम होता ना?"

"नियम एवढाच होता की त्याने बाहेर बसायचं," त्या म्हणाल्या. "बोर्डातला माणूस त्याला तेच सांगत होता. तू अर्धा तास कॉरिडॉरमध्ये जा, आम्ही दोघं ठरवतो. तो गेला नाही. त्याने तिचा अर्ज उचलला, बाजूला ठेवला आणि म्हणाला, नॉट सूटेबल. आम्ही कारण विचारलं, कारण फॉर्मवर कारण लिहावं लागतं. त्याने लिहिलं, ॲक्सेंट."

बाबा, ॲक्सेंट. तुम्ही. तुम्ही, जे मरेपर्यंत वेन्सडेला वेडनेसडे म्हणत होतात आणि ज्यांच्या घोषणेची नक्कल शाळेतलं प्रत्येक पोर करायचं. मीही करायचे, बाथरूममध्ये आरशासमोर.

मी त्यांना विचारलं की तुम्ही असं का केलं असेल. त्या म्हणाल्या, स्टाफरूममध्ये कोणीतरी गमतीत बोललं होतं, आता बघा, पुढची त्याची बायको येणार. तुम्ही दारातच उभे होतात, तुम्ही ते ऐकलंत. मग मी विचारलं, आईला हे माहीत होतं का. त्यांनी कप खाली ठेवला. पुढच्या वसंतात ग्रोसरीच्या दुकानात आई त्यांना भेटली होती. त्यांना राहवलं नाही, त्यांनी सगळं सांगून टाकलं. आईने दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, ह्यांनी कारण काय लिहिलं? आणि कारण कळल्यावर दुसरी, माझ्या मुलीला कधी सांगणार नाही ना? ती रोज ह्यांच्याच शाळेत जाते.

म्हणजे आईला सगळं माहीत होतं, आणि ती पुढे एवढी वर्षं तुमच्या शर्टाला इस्त्री करत राहिली. तुमच्या रिटायरमेंटच्या पार्टीत तुम्ही स्टेजवरून म्हणालात, "मी माझ्या बायकोलासुद्धा सवलत दिली नाही," आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसून तुमच्याकडे बघत होती. ती टाळ्या वाजवत होती का, हे मी आठवून आठवून थकले. आठवत नाही. मी तिच्याकडे बघतच नव्हते. मी तुमच्याकडे बघत होते.

तुमची भीती मला कळत नाही असं नाही. या शहरातले तुम्ही पहिले भारतीय प्रिन्सिपल. तुम्ही एक चूक केली असती तर ती तुमच्या एकट्याची धरली नसती. खुर्ची मिळालेल्या आपल्या माणसाला सतत दाखवत राहावं लागतं की मी आपल्यांची बाजू घेत नाही. सगळं कळतं. पण बाबा, कॉरिडॉर होता ना तिथे. एक खुर्ची होती, पाणी प्यायचा नळ होता, मुलांची चित्रं लावलेली भिंत होती. अर्धा तास तिथे बसला असतात तर तुमचं काय गेलं असतं? तुम्ही नातं दाराबाहेर ठेवलं नाहीत, नात्याला घेऊन आत बसलात आणि त्याच नात्यावर पाय देऊन उंच झालात. याला तुम्ही फेअर म्हणालात, शहराने म्हटलं, आणि मी त्याच्यावर करिअर केलं.

आता भाषण. माझ्याकडे आठ दिवस होते. मी एक वाक्य लिहिलं होतं: या शाळेला एक फार चांगली सायन्स टीचर मिळाली असती, ती माझी आई. एवढंच, कारण काही नाही, दोष कोणाचा नाही. कागद हातात घेऊन मी उभी राहिले, ते वाक्य आलं, आणि मी ते ओलांडून पुढच्यावर गेले. मी म्हणाले, माझ्या वडिलांनी मला शिकवलं की खुर्चीवर बसलेल्या माणसाने नातं दाराबाहेर ठेवायचं असतं. टाळ्या झाल्या. माझा मुलगा गाडीत म्हणाला, "नाइस स्पीच, मॉम. ग्रँडपा वुड बी प्राउड." मी सीटबेल्ट लावला.

आणि आणखी एक. हे मात्र व्हाइस प्रिन्सिपल बाईंच्या चहाच्या आधीचं आहे, गेल्या मे महिन्यातलं. माझ्या शाळेत एक जागा होती. मुलाखतीला आम्ही तिघं, मी मधोमध. एक बाई आल्या, नाशिककडच्या, इथे येऊन तीन वर्षं झालेली, तिन्ही वर्षं सबस्टिट्यूटच्या यादीत. चांगलं बोलल्या. शेवटी त्यांनी टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली, चेहरा एकदम उजळला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मराठी का?" माझ्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत म्हणाले, आपण प्रश्नांपुरतंच बोलू या. त्यांनी लगेच सॉरी म्हटलं, दोनदा म्हटलं. हल्ली फॉर्मवर ॲक्सेंट लिहायला जागा नसते, आता तिथे कम्युनिकेशन असतं, पाचपैकी. मी दोन दिले. बाकी दोघांनी माझे आकडे बघून आपले खाली आणले. ती जागा भरली, त्या बाई अजून यादीतच आहेत. परवा त्या आमच्याच शाळेत एका दिवसासाठी आल्या होत्या. मला बघून त्यांनी हाय म्हटलं, इंग्रजीत.

हे सगळं खरं म्हणजे आईला लिहायला हवं. तिला जाऊन सहाच वर्षं झाली, तिचा आवाज अजून नीट आठवतो. पण तुम्हाला लिहिणं सोपं आहे, बाबा, तुम्ही मला काही बोलूच शकत नाही. तिला लिहायला बसले तर पहिल्याच ओळीत कबूल करावं लागेल की नाशिककडच्या त्या बाईंचा शब्द न् शब्द मला कळत होता.